रायफलसाठी सप्रेसर घेताना: आधी कायदा, मग आटे

अमेरिकेत रायफलसाठी सप्रेसर, म्हणजे नळीच्या टोकाला बसवायचे आवाज कमी करणारे नळकांडे, घ्यायचा असेल, तर कोणता घ्यावा याआधी आपल्याला तो घेता येतो का, हे पाहिले पाहिजे, आणि मराठी माणसांपैकी अनेकांच्या बाबतीत हा प्रश्न व्हिसापाशीच अडतो. फेडरल कायद्यात सप्रेसरची गणना बंदुकीतच होते. त्यामुळे एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना, वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर तो बाळगता येत नाही. ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना ही अडचण नाही, मात्र डीलरकडून घेणाऱ्याचे वय २१ पूर्ण असावे लागते.

त्यानंतर राज्य पाहावे. ४२ राज्यांत सामान्य माणसाला सप्रेसर ठेवता येतो; कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई येथे येत नाही. टेक्सासमध्ये घेतलेला सप्रेसर नोकरी बदलल्यावर न्यू जर्सीतील एडिसनला नेणे हा गुन्हा ठरेल, म्हणून दोन-तीन वर्षांत स्थलांतराची शक्यता असेल तर थांबलेलेच बरे. भारतात आणण्याचा विचार तर मनातही आणू नये.

खरेदीमागचे माझ्या मते सर्वांत भक्कम कारण म्हणजे कान. ५.५६ मिमी गोळीच्या रायफलचा आवाज साधारण १६५ डेसिबलपर्यंत जातो, आणि चांगला सप्रेसर नळीतून सुटणाऱ्या वायूला आतल्या पडद्यांमध्ये अडवून, पसरू व थंड होऊ देऊन तो २५ ते ३० डेसिबलने उतरवतो. म्हणजे १४० ही कानाला इजा होण्याची जी मर्यादा मानली जाते, तिच्या आसपास किंवा थोडे खाली आपण येतो. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा स्वतःचा कडाका मात्र कोणताही सप्रेसर थांबवू शकत नाही, म्हणून कानातले बोळे काढू नयेत.

निवडताना आपल्या रायफलींपैकी सर्वांत मोठ्या कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या व्यासाचा, विचार करावा. .३० इंचाचा सप्रेसर .२२३ वर (५.५६ च्याच व्यासाच्या गोळीवर) चालतो, आवाज किंचित जास्त येतो इतकेच. उलट केले तर गोळी पडद्यांवर आदळून सप्रेसर फुटेल. हा मुद्दा मी आग्रहाने मांडतो, कारण विकायचा म्हटला तरी नव्या मालकाच्या नावे सगळी नोंदणी पुन्हा करावी लागते, म्हणजे घेतलेली वस्तू बहुधा जन्मभर आपल्याकडेच राहते. डोंगरात पायी हिंडणाऱ्या शिकाऱ्याच्या बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागणाऱ्या) रायफलला हलके टायटॅनियम योग्य. आखूड नळीतून भराभर गोळ्या झाडायच्या असतील तर पोलाद किंवा इनकोनेल (उष्णता सोसणारा निकेलचा मिश्रधातू) घ्यावे, आणि नळीची किमान लांबी किती हवी हे उत्पादकाच्या कागदावर वाचावे. एआर प्रकारच्या (एआर-१५ सारख्या अर्धस्वयंचलित) रायफलमध्ये वायू मागे फेकला जाऊन नेमबाजाच्या तोंडावर येतो, तेव्हा वायूला मोकळी वाट देणारी रचना पाहावी.

नळीच्या टोकाचे आटेही जुळले पाहिजेत: ५.५६ ला बहुधा १/२ × २८ आणि .३० ला ५/८ × २४ (इंचात व्यास × दर इंचाला आटे). आटे नळीच्या छिद्राशी समकेंद्री नसतील तर गोळी आतल्या पडद्याला घासते, त्यामुळे पहिल्या गोळीआधी रायफल रिकामी असल्याची खात्री करून संरेखनाची सळई (नळी आणि सप्रेसर एका रेषेत आहेत का हे दाखवणारी) घालून तपासावे. सप्रेसर चढवल्यावर गोळी लागण्याची जागा सरकते, म्हणून निशाणा नव्याने बसवावा लागतो.

खरेदी सहसा विशेष परवाना असलेल्या डीलरकडून होते. फॉर्म ४ (सप्रेसर आपल्या नावे करण्याचा फेडरल अर्ज), बोटांचे ठसे, छायाचित्र आणि स्थानिक पोलीस प्रमुखांना अर्जाची प्रत, एवढे द्यावे लागते. मंजुरी येईपर्यंत वस्तू डीलरकडेच राहते. १९३४ पासून लागणारा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला आहे, पण कर गेला म्हणजे नोंदणी गेली असे कोणी समजू नये. नोंदणी एकट्याच्या नावे असेल तर आपल्या गैरहजेरीत पत्नीच्या किंवा पतीच्या ताब्यातही सप्रेसर असता कामा नये. दोघांनाही वापरायचा असेल तर ट्रस्टच्या नावे घ्यावा, ज्यात प्रत्येक जबाबदार व्यक्तीला ठसे व छायाचित्र द्यावे लागते. साफसफाईचे साहित्य म्हणून स्वस्तात विकले जाणारे, पण कायद्याने सप्रेसरच ठरू शकणारे परदेशी संच मुळीच मागवू नयेत, त्यापायी तुरुंगवास होऊ शकतो. मंजुरी आल्यावर सप्रेसरवर कोरलेला क्रमांक कागदावरील क्रमांकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा आणि मंजुरीची एक प्रत रायफलच्या पेटीत कायम ठेवावी.