गेज चार्ट लावताय? आधी या चुका टाळा

डॅशबोर्ड (महत्त्वाचे आकडे एकत्र दाखवणारं पान) शिकायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात गेज लावायचा असतो. गाडीच्या स्पीडोमीटरसारखा दिसतो, वरिष्ठांना आवडतो आणि फील्ड (डेटातला रकाना) ओढून टाकलं की दोन मिनिटांत तयार. गोची होते ती याच दोन मिनिटांत. दुसऱ्यांचे डॅशबोर्ड दुरुस्त करणं हेच माझं काम झालंय आणि त्याच त्या चुका निस्तरून जीव विटलाय, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

पहिला मान कमाल किंमत रिकामी सोडण्याला. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या डॅशबोर्ड टूलच्या गेजमध्ये मुख्य चार खाने असतात: व्हॅल्यू, मिनिमम, मॅक्सिमम आणि टार्गेट. नवखा माणूस पहिला खाना भरतो, कमान उमटते आणि स्वारी खूश होऊन पुढच्या चार्टकडे वळते. बाकीचे खाने रिकामे असले की पॉवर बीआय किमान शून्य धरतं आणि कमाल म्हणून तुमच्याच आकड्याची दुप्पट घेतं. 4000 ऑर्डर आल्या तर कमान 8000 पर्यंत, 2500 आल्या तर 5000 पर्यंत. दोन्ही वेळा बरोब्बर अर्धी भरलेली. उद्या 40 ऑर्डर आल्या तरी अर्धीच!

एका ठिकाणी मला बोलावलं होतं ते 'रिफ्रेश बंद पडलाय, गेज हलतच नाही' अशा तक्रारीवरून. मीही शहाणी, तासभर ताजा डेटा आणणारं गेटवे आणि त्याचं शेड्यूल तपासत बसले. रिफ्रेश रोज पहाटे चोख होत होता. शेवटी कंटाळून त्या गेजकडे नीट पाहिलं, तर मधोमध ठळक 3120 आणि उजव्या टोकाला बारीक अक्षरांत 6240. तीन महिने दर सोमवारच्या बैठकीत ही कमान पडद्यावर येत होती, ऑर्डर घसरत होत्या आणि खोलीतले सगळे 'निम्म्यावर आहे, ठीक चाललंय' म्हणत होते. बनवणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, "मी काही भरलं नव्हतं, टूलनेच घेतलं." अहो, तुम्ही भरलं नाहीत म्हणून तर टूलने घेतलं!

माझी सवय अशी, की फील्ड ओढण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहायच्या. लक्ष्य किती, ते कोणी ठरवलं आणि कमाल किती. कमाल मी लक्ष्याच्या सव्वापट ठेवते. लक्ष्याइतकीच ठेवली तर कमान शंभर टक्क्यांना भरते आणि मग 105 टक्के काय नि 160 टक्के काय, चित्र एकच. गेज तयार झाला की स्लायसरमध्ये (पानावरच्या फिल्टरमध्ये) सगळ्यात लहान विभाग निवडून बघायचा. कमान जागची हलली नाही तर खाना रिकामा आहे, हे दहा सेकंदांत कळतं. वेबपानांसाठीच्या गूगल चार्ट्सच्या गेजची तऱ्हा निराळी. तिथे काही सांगितलं नाही तर पट्टी 0 ते 100 अशी धरली जाते, मग तुमचा आकडा हजारांत असला तरी.

दुसरी चूक मला जास्त छळते, कारण ती दिसायला अगदी बरोबर दिसते. आकडा आजपर्यंतचा, लक्ष्य अख्ख्या महिन्याचं. दहा तारखेला 1300 ऑर्डर झाल्यात, लक्ष्य 4000 चं, म्हणजे काम खरं तर जवळजवळ वेळेवरच आहे. पण गेज लालभडक. महिन्याचे पहिले वीस दिवस लाल, मग पिवळा, शेवटच्या दोन-चार दिवसांत हिरवा. असं दर महिन्याला होऊ लागलं की लोक लाल रंगाकडे बघणंच सोडून देतात आणि खरोखर आग लागते तेव्हाही कोणी मान वर करत नाही. लक्ष्याचाही आजपर्यंतचा भाग काढा, तोही कामाच्या दिवसांवर. सुट्ट्या धरायला कॅलेंडर टेबल (दर तारखेची नोंद असलेला तक्ता) लागतं. ते बनवायचा कंटाळा असेल तर गेज लावूच नका, साधा आकडा दाखवा.

टार्गेट फॉरमॅट पेनमध्ये (चार्टच्या सेटिंग्जमध्ये) हाताने टाइप करणं हा तिसरा आवडता शॉर्टकट. कोणी स्लायसरमधून एकच विभाग निवडला की आकडा त्या विभागाचा होतो आणि लक्ष्य मात्र संपूर्ण कंपनीचंच राहतं. लक्ष्याचं विभागवार टेबल करा, त्यावरून मेजर (निवडीप्रमाणे बदलणारं सूत्र) काढा आणि तोच खान्यात टाका.

चौथी चूक टक्केवारीची बेरीज. बारा शाखांचे 95-95 टक्के जोडून '1140 टक्के वेळेवर डिलिव्हरी' दाखवणारा गेज मी या डोळ्यांनी पाहिलाय. त्यावर लोक बेरीज बदलून सरासरी लावतात आणि सुटलो म्हणतात. नाही सुटलात. एका शाखेच्या 10 ऑर्डरपैकी 5 वेळेवर, दुसरीच्या 1000 पैकी 980. सरासरी येते 74 टक्के, खरा आकडा 97.5. वर एकूण वेळेवर गेलेल्या, खाली एकूण ऑर्डर, असा भागाकार करा. ग्राफाना या डॅशबोर्ड टूलमध्ये टक्क्यांची दोन एककं आहेत, एक 0 ते 100 आणि दुसरं 0 ते 1. चुकीचं निवडलं की 82 टक्क्यांचे 0.82 होतात.

तक्रारी, परतावे, उशीर यांचे रंग उलटे लावा. तिथे कमी म्हणजे चांगलं.

एक्सेलमध्ये तयार गेज नाही, म्हणून डोनट चार्टचा (कड्यासारख्या वर्तुळाचा) खालचा अर्धा भाग अदृश्य करून आणि वर पाय चार्टचा काटा बसवून तो बनवतात. डोनट आणि पाय दोन्हींच्या पहिल्या तुकड्याचा सुरुवातीचा कोन 270 अंश. काटा भलतीकडे वळला तर पायची बेरीज तपासा. अर्धं वर्तुळ म्हणजे 100, तेव्हा पूर्ण वर्तुळ 200. आकडा 72 असेल तर तुकडे 72, 2 (काट्याची जाडी) आणि 126. तिसरा तुकडा 26 ठेवलात की काटा थेट खालच्या अदृश्य भागात जातो.

आणि एका पानावर नऊ गेज नकोत. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी 1984 मध्येच दाखवून दिलं, की एका सामाईक पट्टीवरचं स्थान माणसाला कोनापेक्षा अचूक वाचता येतं. डॅशबोर्डवर पुस्तकं लिहिणारे स्टीफन फ्यू यांनी बुलेट ग्राफ (सरळ पट्टी आणि तिच्यावर लक्ष्याची खूण) काढला तो अशा गेजना पर्याय म्हणूनच. सोमवारच्या त्या बैठकीसाठीही मी आधी बुलेट ग्राफच लावून दिला होता. दोन आठवड्यांनी निरोप आला, "ते गोल परत मिळेल का?" दिला. यावेळी कमाल 5000 भरून.