कालवं फोडणारा जबडा: पहिला डिजिटल प्राणी घडवताना

गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यात, हातानं मूर्ती घडवताना पहिल्या दिवशी कोणी मुकुटावरची नक्षी करत नाही. आधी बैठक, मग पोटाचा गोळा, सोंडेचं वळण, हात. दागिने नंतर, डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. कॉम्प्युटरवर माती ओली-सुकी व्हायची भीती नसते, म्हणून विद्यार्थी हा क्रम विसरतात आणि दुसऱ्याच तासाला खवले काढायला बसतात. घोडं पेंड खातं ते इथंच.

सामान फार लागत नाही. त्रिमितीय आकार घडवायचा ब्लेंडर हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर शिकण्यापुरतं चालतं. पेन टॅबलेट, म्हणजे पेननं चित्र काढायची पाटी, मात्र हवा, स्क्रीन नसलेला छोटा चालेल. माऊसला दाब कळत नाही, त्यामुळे प्रत्येक फटकारा सारख्याच जाडीचा उमटतो आणि प्राणी साबणाच्या वडीसारखा दिसतो.

आधी कागद. 'भयानक राक्षस' असं ठरवून बसलं, की कुठल्या तरी गेममधलाच राक्षस हातातून उतरतो. त्यापेक्षा तीन प्रश्न लिहून काढा: खातो काय, चालतो कसा, घाबरतो कोणाला? समजा, आपला प्राणी ओहोटीला खडकावरची कालवं फोडून खातो. मग जबडा आखूड आणि जाड हवा, मान भरीव हवी, पुढच्या पायांना उचकटायला नख्या हव्यात. चिखलातून सरकायचं तर खाडीतली निवटी ही मासळी बघा. पुढच्या परांवर कुबड्यांसारखा भार देऊन ती पुढे सरकते. तिचे डोळे डोक्याच्या वर असतात आणि ओले करायला ती ते खोबणीत आत ओढून घेते. पाठीला संरक्षण हवं असेल तर खवले मांजर बघा: खवले कौलांसारखे एकावर एक, टोकं शेपटीकडे. दोन-तीन खऱ्या प्राण्यांकडून कामाच्या गोष्टी उचला. पाच-सहांकडून उचललंत तर खिचडी होते.

आता ब्लेंडर. धड, डोकं, मान, पाय यांसाठी साधे गोळे ठेवा, एकमेकांत थोडे घुसलेले. प्राण्याची लांबी 2 युनिट धरा. डोळ्यांचे दोन गोळे याच वेळी, पण वेगळे ऑब्जेक्ट (स्वतंत्र वस्तू) म्हणून ठेवा. मूर्तीत आखणी शेवटी असते, इथं मात्र डोळ्याचा गोळा आधी लागतो, कारण पापणी त्याच्यावर गुंडाळायची असते. गोळा नसताना कोरलेला डोळा बटणाच्या काजासारखा दिसतो.

शरीराचे गोळे निवडून कंट्रोल + जे नं जोडा, कंट्रोल + ए नं स्केल अप्लाय करा, म्हणजे लहान-मोठं केलेलं माप पक्कं करा. ही दुसरी पायरी सुटली तर ब्रश एका दिशेला ताणलेला चालतो आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाते. मग स्कल्प्ट मोडमध्ये (कोरण्याच्या अवस्थेत) व्हॉक्सेल साइज, म्हणजे जाळीच्या कणाचा आकार, 0.06 ठेवून कंट्रोल + आर: जाळी नव्यानं विणली जाते (रीमेश) आणि सगळे गोळे एकसंध होतात. एक्स सिमेट्री चालू ठेवा, म्हणजे एका बाजूला केलेलं दुसऱ्या बाजूलाही आपोआप होतं.

या जाड्याभरड्या अवस्थेत जितकं थांबाल तितकं चांगलं. फक्त ग्रॅब (ओढणारा) आणि क्ले स्ट्रिप्स (माती चढवणारा) हे दोन ब्रश, आणि शिफ्ट दाबून गुळगुळीत करणं. मधूनमधून रंग काळा आणि प्रकाश फ्लॅट करून प्राणी अंगठ्याएवढा लहान करून बघा. नुसत्या काळ्या आकृतीवरून तोंड कुठं आणि भार कोणत्या पायावर हे कळत नसेल, तर पुढे जाऊ नका.

मग व्हॉक्सेल 0.03, नंतर 0.015. आकडा निम्मा केला की पृष्ठभागाचे चौकोन साधारण चौपट होतात. घाईत 0.001 टाकलं तर लॅपटॉप अडकून पडतो आणि शेवटचं सेव्ह कधी केलं होतं ते आठवत बसावं लागतं. पर किंवा कानाची पाळी व्हॉक्सेलपेक्षा पातळ असेल तर तिला भोकं पडतात. बोटं चिकटून असतील तर ती बदकाच्या पायासारखी जुळतात. म्हणून बोटं फाकलेली आणि तोंड किंचित उघडं ठेवा. उघड्या तोंडाचा फायदा पुढे कळेल.

स्नायूंसाठी स्वतःचं डोकं वापरा. दोन बोटं कानशिलावर, दोन गालाच्या मागच्या कोपऱ्यावर ठेवा आणि दात आवळा. दोन्ही जागी फुगवटा लागतो. कालवं फोडणाऱ्या प्राण्यात हेच दोन फुगवटे मोठे करा, म्हणजे डोकं आपोआप मागे रुंद होतं. मागच्या पायात नेहमीची चूक म्हणजे 'उलटा गुडघा'. कुत्र्याच्या पायात मागे वळलेलं दिसतं तो घोटा. खरा गुडघा वर, पोटाजवळ, पुढे वाकणारा.

आकार पटला की त्याच फाइलमध्ये शिल्पाची प्रत ठेवून क्वाड्रिफ्लोनं (चौकोन नीट ओळीत मांडणारा रीमेश) सुमारे 6,000 चौकोनांची नवी जाळी करा. तिच्यावर मल्टिरेझोल्युशनच्या (प्रत्येक पातळीला चौकोन चौपट करणारी सोय) 3 पातळ्या चढवल्या की 3,84,000 चौकोन होतात, चौथीला 15,36,000. तिसरीवर थांबून श्रिंकरॅपनं, म्हणजे एक जाळी दुसरीवर चपखल बसवणाऱ्या सोयीनं, जुन्या शिल्पावर बसवा आणि अप्लाय करा. तोंड मिटलेलं असेल तर वरचा ओठ खालच्याला चिकटतो, कारण श्रिंकरॅप सगळ्यात जवळचा पृष्ठभाग पकडतो. चौथी पातळी खवल्यांसाठी, तीही लॅपटॉपला झेपली तर.

खवल्यांचा अल्फा, म्हणजे ब्रशनं ठसा उमटवायचं करडं चित्र, स्वतः तयार करा. बाजारातल्या माशाचा तुकडा किंवा माडाचं खोड, फोटो अगदी समोरून, ढगाळ उजेडात. पावसाळ्यातला आकाशभर पसरलेला उजेड यासाठी उत्तम. तिरक्या उन्हात काढलात तर ब्रश सावलीला खड्डा समजतो. फोटो करडा करा आणि कडा काळ्यात विरवा, नाहीतर प्रत्येक ठशाभोवती चौकट उमटते. खवले पाठीवर मोठे, सांध्यांजवळ बारीक. पोटावर आणि काखेत नकोच, तिथं कातडी दुमडते.

कोकणातल्या पावसाळ्यात वीज सांगून जात नाही. सेव्ह अ‍ॅज उघडून अधिकचं चिन्ह दाबलं की फाइलला पुढचा क्रमांक लागतो. रीमेश करण्याआधी दर वेळी हे करा.

शेवटी सिमेट्री बंद. एक नखी तुटलेली, एका बाजूचे चार खवले झिजलेले, कुर्लीच्या डेंग्यांसारखा एक पुढचा पाय दुसऱ्यापेक्षा मोठा. कालवं तो कोणत्या बाजूनं फोडतो ते ठरवा आणि झीज त्याच बाजूला दाखवा.