गावाचं जुनं नाव शोधायचं तर आधी म्हातारीकडं जा

आर्वी तालुक्यात माझं छोटंसं सेतू केंद्र आहे. जून लागला की जात पडताळणीच्या कागदांसाठी गर्दी होते, आणि कुणाचं ना कुणाचं गाडं गावाच्या नावावर अडतंच. माझ्या पुतणीचं अडलं होतं. तिच्या दाखल्यावर पिंपळखुटा, पणजोबांच्या नोंदीत सोनेगाव. फाइल परत आली, वर शेरा : ‘गावांचा संबंध सिद्ध करा.’ तो करता करता जे शिकलो ते सांगतो.

आधी कार्यालयात जाऊ नका. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडं जा आणि ‘गावाचं जुनं नाव काय?’ असं विचारू नका. त्यावर ‘हेच’ असं उत्तर येतं. वावरांची नावं विचारा. मी विचारली तेव्हा आमच्या शेजारची आजी सुपारी कातरता कातरता म्हणाली, ‘‘सोनेगाव? थे रिठ हाये ना बाप्पा, नाल्याच्या तिकडं. तुह्या आज्याचं घर तिथंच व्हतं.’’ तीन महिने तालुक्याला चकरा मारत होतो मी, अन् उत्तर भिंतीपलीकडं बसलेलं.

रिठ म्हणजे उठून गेलेलं गाव. माणसं जातात, मौजाचं नाव मात्र महसुली दप्तरात तसंच राहतं. कागदावर ‘रिठी’ किंवा ‘बेचिराग’ असं लिहिलेलं दिसेल. बेचिराग, म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते. सरकारी कागदात इतका नेमका शब्द मला दुसरा सापडला नाही.

जागा कळली की तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून दोन्ही मौजांच्या गाव नकाशाची नक्कल मागा. शिवेला शीव लागलेली दिसली की अर्धं काम झालं. मग तहसिलीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक. जन्ममृत्यूच्या या नोंदी गाववार असतात, म्हणून हल्लीच्या नावाखाली नाही सापडलं तर रिठाच्या नावाखाली पाहा. जुनी पानं मोडी लिपीत निघाली तर वाचणारा आधीच गाठून ठेवा. आणि नावाची सगळी रूपं कागदावर लिहून न्या : पिंपळखुटा, पिंपळखुंटा, पिपलखुटा. लिहिणाऱ्यानं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. खुर्द, बुद्रुक, लहान, मोठा ही शेपटंही तपासा. एका तालुक्यात एकाच नावाची दोन गावं असणं आपल्याकडं नवीन नाही.

इथं बहुतेक लोक फसतात ते जिल्ह्यात. गाव हललं नाही तरी जिल्हा हलतो. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरमधून निघाला. आधी मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होतं, १८६६ मध्ये ते पालकवाडीला आलं, आणि तीच पालकवाडी आजचं वर्धा शहर. यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत ‘वणी जिल्हा’ होता, इंग्रजीत ‘वून’. गडचिरोलीचं १९८२ पूर्वीचं चंद्रपुरात शोधा, वाशीमचं १९९८ पूर्वीचं अकोल्यात, गोंदियाचं १९९९ पूर्वीचं भंडाऱ्यात. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये चंद्रपूर ‘चांदा’ आहे आणि अचलपूर ‘एलिचपूर’.

त्याहून मागं जायची हौस असेल तर जपून. ‘अमक्या राजानं नाव दिलं’ या गोष्टी प्रत्येक पारावर मिळतात. अचलपूरजवळच्या चमक गावाची गोष्ट वेगळी. तिथंच वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला, आणि त्यात गावाचं नाव ‘चर्मांक’, मधुनदीच्या काठचं, भोजकट राज्यातलं, असं कोरलेलं आहे. असा धातूवरचा पुरावा हातात नसेल तर नुसत्या आवाजाच्या साम्यावर अर्जात काही लिहू नका.

माझा भाचा पोलंडात गोदामात कामाला आहे. त्याला फोनवर हे सांगत होतो तर तो म्हणाला, इकडं तर याहून घोळ. मसुरियात वोयनोवो नावाचं खेडं आहे, १८३०च्या सुमारास मूळच्या रशियन, जुन्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी वसवलेलं. जर्मन दप्तरी नाव एकर्ट्सडोर्फ, वस्तीच्या तोंडी वोयनोवो. दुसऱ्या महायुद्धानंतर तो मुलूख पोलंडकडं गेला, जर्मन नाव पुसलं, आणि तोंडचं नाव पाटीवर चढलं. म्हणजे तिथं आजा शोधणाऱ्यालाही दोन्ही नावं माहीत हवीत.

अर्जात मी एवढंच लिहिलं : ‘मौजा सोनेगाव (रिठी), मौजा पिंपळखुट्याच्या शिवेला लागून, वस्ती स्थलांतरित.’ सोबत दोन्ही नकाशे, कोतवाल बुकाची नक्कल आणि आजीचं प्रतिज्ञापत्र. आजीनं अंगठा लावला आणि विचारलं, ‘‘आता थ्या चिचेखालची आमची विहीर भेटन का?’’ विहीर नकाशात आहे. गट दुसऱ्याच्या नावावर आहे, तिथं तूर उभी आहे.