जुनी फोर-बाय-फोर कमी खर्चात धडधाकट ठेवायची तर

मागच्या ॲक्सलचं ऑइल सील गळतंय म्हणून बदललं. दोन महिन्यांत पुन्हा गळायला लागलं, म्हणून पुन्हा बदललं. जुन्या ऑफ-रोड गाडीवर पैसा वाया जातो तो असा. सील बऱ्याचदा चांगलंच असतं. हाउसिंगच्या (ॲक्सलच्या लोखंडी कवचाच्या) डोक्यावरचा बोटाच्या पेराएवढा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायची वाट, चिखलाने बुजलेला असतो. ॲक्सल तापला की आतली हवा फुगते, तिला वर वाट मिळत नाही आणि मग ती सीलच्या ओठावरून तेलासकट बाहेर पडते. ब्रीदर काढून केरोसीनमध्ये धुवायला पाच मिनिटं लागतात. या गाड्यांचं काम करताना पाना उचलण्याआधी कारण शोधायला वेळ द्यायचा, खर्च तिथेच निम्मा होतो.

इथे डोळ्यांसमोर आहेत त्या लॅडर चासी (शिडीसारखा सांगाडा), पाटे (पट्टीच्या स्प्रिंग) आणि अखंड ॲक्सलवाल्या गाड्या: जीप सीजे, लँड रोव्हर सीरिज, लँड क्रूझर 40, सुझुकी एसजे यांच्या जातीच्या. साध्या बांधणीमुळे यांचं बरंचसं काम घरी होतं.

आधी धुवा, मग यादी करा

चिखल-तेलाने माखलेल्या गाडीत गळती कुठून आहे ते कळत नाही. खालची बाजू स्वच्छ धुवा, दहा-पंधरा किलोमीटर चालवा आणि रात्री खाली मोठा पुठ्ठा पसरा. सकाळी डागांवरून अंदाज येतो. काळा पातळ डाग इंजिन ऑइलचा. जाड आणि गंधकासारखा वास असलेला गिअर ऑइलचा. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर ओल दिसली तर ब्रेक ऑइल, आणि अशी गाडी त्या दिवशी रस्त्यावर काढू नका.

यादीचे तीन भाग करा. पहिल्या भागात थांबणं आणि वळणं: ब्रेक, स्टीअरिंग, चाकांची बेअरिंग. दुसऱ्यात आतून पोखरणारे दोष: तेलात पाणी, इंजिन तापणं, कोरडे पडलेले जॉइंट. उरलेलं सगळं तिसऱ्यात. पैसे याच क्रमाने खर्च करा. मोठे टायर तर सगळ्यात शेवटी, कारण ते बेअरिंग, क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचा वळता सांधा) आणि स्टीअरिंग या तिन्हींवर जादा भार टाकतात.

खाली शिरण्याआधी एक धोका. या जातीच्या काही गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकने उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे ॲक्सलमधले गिअर) ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, ॲक्सलखाली स्टँड ठेवा. जॅक फक्त उचलण्यापुरता.

ॲक्सलचं तेल आणि ब्रीदर

तेल सोडण्याआधी *भरायचा* प्लग उघडतो का ते बघा. खालचा प्लग काढून सगळं तेल सोडलं आणि वरचा गंजून बसलाय असं कळलं, तर गाडी जागेवरच अडकते.

थोडी चालवून ॲक्सल कोमट असताना तेल सोडा. दुधाळ किंवा कॉफीसारखा रंग असेल तर पाणी शिरलंय. प्लगला चुंबक असेल तर त्यावरची करडी, मऊ पेस्ट ही नेहमीची झीज असते. बोटाला टोचणारे कण किंवा चकत्या मिळाल्या, तर गिअर किंवा बेअरिंग तुटायला लागलंय आणि हाउसिंग उघडावंच लागेल. पाणी निघालं असेल तर एकदा साधं स्वस्त गिअर ऑइल भरा, चार-पाच किलोमीटर चालवा, तेही सोडा आणि मग चांगलं भरा. पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, गाडी सपाट जागी असताना.

हायपॉइड (तिरक्या, घासत फिरणाऱ्या दात्यांच्या) डिफरन्शियलला जीएल-5 दर्जाचं तेल लागतं, जाडी बहुतेकदा 80डब्ल्यू-90. उरलेलं तेच गिअरबॉक्समध्ये ओतायचा मोह होतो, तो टाळा. जीएल-5 मधली गंधक-फॉस्फरसची मात्रा गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगना सोसत नाही. जुन्या गिअरबॉक्सला बहुधा जीएल-4 सांगितलेलं असतं. मॅन्युअलमध्ये जे असेल तेच टाका.

आता पाणी शिरतं कसं ते. तापलेला ॲक्सल थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ॲक्सल श्वास आत घेतो. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी तिथून जातं आणि बुजलेला असेल तर सीलमधून. यावरचा उपाय फार स्वस्त आहे:

1. ब्रीदर काढा आणि त्याच आट्यांचं नळीचं निपल बसवा.
2. त्याला आतून सुमारे 8 मिलिमीटरची, तेल सोसणारी रबरी नळी क्लिपने जोडा.
3. नळी चासीवरून इंजिनच्या वरच्या भागापर्यंत न्या. ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळला तरी ताण येणार नाही एवढी ढील ठेवा. पण मध्ये झोळ पडू देऊ नका, झोळात तेल-पाणी साचून नळी पुन्हा बंद होते.
4. वरच्या टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर लावा, म्हणजे धूळ जाणार नाही.

गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसचे ब्रीदरही असेच वर आणता येतात. एवढं करूनसुद्धा खोल पाण्यातून आल्यावर दोन दिवसांत तेलाचा रंग बघायचा.

पुढची चाकं थरथरतात तेव्हा

ठरावीक वेगाला स्टीअरिंग हातातून सुटेल इतकं थरथरतं. यावर स्टीअरिंग डँपर (स्टीअरिंगचे झटके शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) बदलण्याची पद्धत आहे, आणि ती चुकीची आहे. नवा डँपर थरथर काही दिवस दाबून ठेवतो, तोवर ढिला भाग आणखी झिजतो.

स्वस्तापासून सुरुवात करा. रिमच्या आत वाळलेला चिखल बसला असेल तर तेवढ्यानेही चाकाचा तोल जातो, तो खरवडून काढा. टायरची हवा आणि चाकाचे नट तपासा. मग गाडी जमिनीवरच ठेवून, इंजिन बंद करून, एकाला स्टीअरिंग दोन्ही बाजूंना थोडंथोडं हलवायला सांगा आणि तुम्ही खाली एकेका जोडावर हात ठेवा. टाय रॉड एंड आणि ड्रॅग लिंक (स्टीअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांड्या व त्यांचे सांधे), स्टीअरिंग बॉक्सचे बोल्ट, पाट्यांचे बुश. डोळ्याला न दिसणारा ढिलेपणा हाताला टकटक करून कळतो.

त्यानंतर चाक उचला, वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये. राहिला तर किंगपिनमध्ये (चाक ज्याभोवती वळतं ती खीळ) किंवा नकलच्या (चाक धरून वळणाऱ्या भागाच्या) बेअरिंगमध्ये. कारण सरळ आहे: ब्रेक हब आणि नकल यांना एकत्र पकडतो, मग बेअरिंगचा खेळ जाणवतच नाही.

टेपर बेअरिंग बसवताना चाक फिरवत फिरवत नट घट्ट करा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग ढिला करून पुन्हा मॅन्युअलप्रमाणे आवळा. काही गाड्यांत किंचित खेळ ठेवायचा असतो, साधारण 0.1 मिलिमीटरच्या आत. काहींत उलट थोडा दाब द्यायचा असतो. ‘हाताला बरं वाटेल तितकं’ हे इथे चालत नाही, फार घट्ट बेअरिंग तापून जळतं. पहिल्या दहा किलोमीटरनंतर हबला हात लावून बघा: कोमट ठीक, हात ठेवता येत नसेल तर पुन्हा उघडा. नकलमधला ढिलेपणा बऱ्याच गाड्यांत पातळ शिम (फट भरणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) काढून कमी करता येतो, नवं बेअरिंग लागेलच असं नाही.

प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बदलणं

क्रॉस कोरडा पडला की आधी चिमणीसारखा चिवचिवतो, तोही हळू वेगात. क्रॉसच्या टोकांवरच्या बेअरिंग कपाभोवती तांबूस पूड दिसली म्हणजे आतल्या सुया गंजून भरडल्या जातायत. गिअर टाकताना ‘टण’ आवाज येईपर्यंत थांबलात तर शाफ्टसुद्धा जाऊ शकतो.

1. शाफ्ट काढण्याआधी फ्लँज आणि शाफ्टवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. सरकत्या सांध्यावरही ओढा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे (क्रॉस धरणारे दोन कानांचे तुकडे) एकमेकांशी ठरलेल्या रेषेत असतात. एक दात जरी इकडेतिकडे झाला तरी गाडी हादरते, आणि मग लोक चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात.
2. चारही सर्क्लिप (कप जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) काढा. गंजल्या असतील तर कपावर हलका ठोका द्या, दाब सुटला की त्या निघतात.
3. व्हाइसमध्ये एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला कप आत मावेल असा मोठा सॉकेट धरून दाबा. लहान सॉकेट ढकलतो, कप मोठ्यात येतो.
4. काट्याची भोकं बारीक एमरीने साफ करा.
5. नव्या कपातल्या सुया ग्रीसने चिकटवून ठेवा आणि क्रॉस त्यात धरूनच कप दाबा.

काम बहुतेक वेळा इथेच फसतं. एक सुई निसटून कपाच्या तळाशी आडवी पडते, कप पूर्ण आत जात नाही आणि सर्क्लिप खाचेत बसत नाही. अशा वेळी हातोडी उचलू नका. कप बाहेर काढा, सुया मोजा, पुन्हा लावा. ठोकून बसवलेला क्रॉस थोड्याच दिवसांत जातो.

सर्क्लिप बसल्यावर काट्याच्या कानांवर मऊ हातोडीने एक-दोन ठोके द्या, म्हणजे जखडलेला क्रॉस मोकळा होतो. तो हाताने चारही दिशांना सारखा फिरला पाहिजे. ग्रीस निपल असेल तर चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत भरा. तीनच ठिकाणी आलं तर चौथा कप कोरडा आहे. शाफ्ट परत लावताना लॉक नट नवे घ्या.

ब्रेक

एखादं चाक ब्रेक सोडल्यावरही धरून राहतं आणि तापतं. व्हील सिलिंडर उघडण्याआधी त्या चाकाचं ब्लीड निपल किंचित सैल करा. ऑइल दाबाने उडालं आणि चाक सुटलं, तर बहुधा रबरी होज आतून सुजून बंद झालाय, बाहेरून कितीही नवा दिसला तरी. दाब नसूनही चाक अडतं तेव्हाच ड्रम उघडा. तेल प्यायलेले ब्रेक शू धुऊन वापरू नका. सील आधी नीट करा, मग त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे शू बदला. जुन्या शूच्या पुडीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर दर्जा 155 चा. लांब उतारावर पॅडल मऊ पडण्याचं हे एक कारण. दर दोन वर्षांनी बदला.

तापणं आणि तारा

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा तापण्यावरचा उपाय नव्हे, इंजिन थंड राहून जास्त झिजतं. काढून पाण्यात उकळा, त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडायला हवा. रेडिएटरच्या जाळीतला चिखल इंजिनच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने पुढे ढकला. झाकणाचं रबर चिरलं असेल तर झाकण बदला.

विजेचे निम्मे दोष अर्थिंगचे. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवून स्टार्टर मारा. 0.2 व्होल्टपेक्षा बराच जास्त आकडा दिसला तर अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं चकचकीत घासा. स्टार्टर बदलण्याआधी हे करायचंच.

गंज

छोट्या हातोडीने चासी ठोकत जा. चांगला पत्रा वाजतो, कुजलेला बद्द आवाज करतो. पाट्यांचे हँगर, मागच्या चाकांमागचा भाग आणि बॅटरीखालची जागा आधी बघा. चासीच्या पेटीत साचलेला चिखल ओल धरून ठेवतो, तो भोकांतून धुऊन काढा, पूर्ण वाळवा आणि आत मेण फवारा. गंजावर डांबरी लेप थापू नका, खाली गंज चालूच राहतो आणि दिसेनासा होतो. हँगरजवळचं वेल्डिंग जाणत्याकडूनच करून घ्या, बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवून, इंधन टाकी काढून.

जुने सुटे भाग घ्यावेत का?

हाउसिंग, शाफ्ट, स्टार्टर, दरवाजे, न तडकलेले पाटे खुशाल जुने घ्या. होज, सील, बेअरिंग, टाय रॉड एंड, ब्रेकचं काहीही मात्र नवंच.

नवं घेतानाही गाडीचं नाव सांगून मागू नका. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. 6205 म्हणजे आतून 25, बाहेरून 52 आणि रुंदी 15 मिलिमीटर, मग ते कुठल्याही यंत्रातलं असो. सीलवरही आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी छापलेली असते. पुसली असेल तर व्हर्नियरने मोजा. सील बदलूनही गळत असेल आणि ब्रीदर मोकळा असेल, तर शाफ्टवरून नख फिरवा. जुन्या सीलच्या ओठाने खाच पाडली असेल तर नवं सील एक-दोन मिलिमीटर मागेपुढे बसवा, म्हणजे ओठ न झिजलेल्या जागी टेकेल.