नाशिकच्या शिवेवरचं गाव निवडताना

शहरातला फ्लॅट नको, जवळच्या गावात घर हवं, असं ठरलं की माणूस आधी गुंठ्याचा भाव विचारतो. नाशिकभोवती तो प्रश्न शेवटी विचारावा. गिरणारे, महिरावणी, विल्होळी, पळसे, चांदोरी ही सगळी तासाभराच्या टप्प्यातली गावं. पण एकाचा हिशेब दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी गाव कुणाच्या हद्दीत आहे ते पक्कं करा. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी, चेहेडी यांना आपण गावं म्हणत असलो तरी ती महापालिकेत आहेत. भगूरला नगरपरिषद, देवळालीला कॅन्टोन्मेंट. मातोरी, गिरणारे, विल्होळी, पळसे इथे ग्रामपंचायत आहे, पण गावठाणाबाहेर, म्हणजे गावाच्या मूळ वस्तीच्या हद्दीबाहेर, बांधायचं तर नकाशा नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून मंजूर व्हावा लागतो. सरपंचांचा दाखला तिथे चालत नाही. आणखी एक घोळ नेहमीचा: ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’ ही घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. तलाठ्याकडचा ‘८ अ’ वेगळा, तो खातेदाराच्या एकूण जमिनीचा. दलाल दोन्हींना ‘आठचा उतारा’ म्हणतो आणि नेमका सोयीचा दाखवतो.

सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत डिजिटल सहीसह मिळतो. क्षेत्र आणि नाव सगळेच बघतात. तुम्ही ‘इतर अधिकार’ हा रकाना शब्दन् शब्द वाचा. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, भूसंपादनाचा शेरा तिथेच असतो. भूधारणा पद्धतीपुढे ‘वर्ग २’ (सरकारी अटी असलेली जमीन) दिसलं की परवानगीशिवाय व्यवहार नाही. गिरणाऱ्याच्या पुढे हरसूलच्या वाटेला किंवा अंजनेरी-त्र्यंबकच्या बाजूला आदिवासी खातेदार बरेच आहेत. महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ प्रमाणे ती जमीन बिगर-आदिवासीला पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. ‘नोटरी करून देतो, नंतर बघू’ असं कुणी म्हणालं की चहा पिऊन परत फिरावं. शेतजमीन घ्यायला स्वतः शेतकरी असल्याचा पुरावाही लागतो.

आता पाणी. धरण उशाशी आणि कोरड घशाशी ही म्हण गंगापूर धरणाच्या परिसरात अजून लागू आहे. धरणातलं पाणी जलवाहिनीतून शहराला जातं. वाटेवरच्या गावाला ते मिळतंच असं नाही. ग्रामपंचायतीत विचारायचे प्रश्न तीन: पाणीयोजनेचा उद्भव, म्हणजे पाणी उचलायची जागा, कोणता, विहीर की धरण; मे महिन्यात नळ किती दिवसांआड येतो; आणि तुमच्या जागेपर्यंत पाइप आला आहे का. बोअरबद्दल विकणाऱ्याला विचारू नका. लगतच्या दोन-तीन मळ्यांत जाऊन पाणी किती फुटांवर लागलं आणि उन्हाळ्यात मोटर सलग किती वेळ चालते ते विचारा. ऑगस्टमध्ये भरलेली विहीर बघून काहीच कळत नाही.

वीज हा त्याहून फसवा मामला. गावातलं घर गावठाण फीडरवर (वस्तीला वीज देणाऱ्या वाहिनीवर) असतं, मळ्यातलं बहुतेक वेळा शेतीपंपांच्या फीडरवर. शेतीपंपाला थ्री फेज ठरावीक तासच मिळते, आठवड्याच्या पाळीप्रमाणे कधी दिवसा, कधी रात्री. उरलेल्या वेळात सिंगल फेज, तीही कमी दाबाची. दिवा लागतो, पण पाण्याची मोटर चढत नाही. घर दाखवताना लाइट चालू असते म्हणून शंका येत नाही. गावच्या वायरमनला डीपीचं (जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं) नाव सांगून फीडर कोणता ते विचारा. घरावरची टाकी दोन दिवस पुरेल एवढी ठेवा.

मखमलाबादच्या पुढे मातोरी, मुंगसरे, दरी, गिरणारे आणि ओझर-मोहाडीकडचा पट्टा द्राक्षांचा. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, ट्रॅक्टरच्या ब्लोअरनं फवारण्या सुरू होतात आणि पाऊस किंवा धुकं आलं की वाढतात. बागेला बांध लागून असलेलं घर नकोच. घ्यायचंच झालं तर वाऱ्याची दिशा बघून, मध्ये उंच झाडांची ओळ लावायला जागा ठेवा आणि पाण्याची टाकी झाकून ठेवा. हंगामात गिरणाऱ्याचा टोमॅटो बाजार भरला की पिकअप गाड्यांनी रस्ता अडतो, आणि पेठ, सुरगाण्याकडचे मजूर कामाला उतरतात तेव्हा गावाची वर्दळच बदलते. रविवारी दुपारी बघितलेलं गिरणारे म्हणजे गिरणारे नव्हे. ओझरला लढाऊ विमानांचा, देवळालीच्या बाजूला तोफांच्या सरावाचा आवाज येतो. लष्करी हद्दीलगत बांधकामावर बंधनंही आहेत.

पळसे, सामनगाव, जाखोरी हा दारणा नदीचा काठ उसाचा, आणि उसात बिबट्या असतो. तोडणी सुरू झाली की आसरा तुटतो आणि तो वस्तीकडे सरकतो. घर आणि उसाच्या फडामध्ये मोकळी, उजेडाची पट्टी हवी, कुत्रं रात्री आत हवं, अंधार पडल्यावर लहान मूल अंगणात एकटं नको. वन विभागाची हेल्पलाइन १९२६.

गोदेच्या खालच्या अंगाला चांदोरी, सायखेडा. जमीन सोन्यासारखी, पण पुराची. गंगापूर आणि दारणा धरणांतून सोडलेलं पाणी खाली एकत्र येतं आणि नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यामागे तुंबतं. शहरात लोक गोदाकाठचा दुतोंड्या मारुती (पुराची खूण मानली जाणारी मूर्ती) कुठवर बुडाला ते बघतात; इथे तोवर सामान माळ्यावर चढवायला घ्यायचं असतं. पाटबंधारे खात्याच्या नकाशात निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचं नावच काढू नका. नकाशा मिळेपर्यंत नदीकाठच्या जुन्या घरांच्या भिंती बघा, २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधलं पाणी कुठवर आलं ते घरातली म्हातारी माणसं बोटानं दाखवतात.

इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पाया मुरमापर्यंत न नेल्यास दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. सौदा ठरण्याआधी जेसीबीनं एक चाचणी खड्डा घ्या, माती किती फूट आहे ते कळतं. महिरावणीकडून अंजनेरीकडे जाल तसा मुरूम वर येतो, पायाचा खर्च घटतो, पण पाऊस वाढतो. तिथे पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून चांगलं वॉटरप्रूफिंग आणि खिडक्यांवर रुंद छज्जे लागतात.

शक्य असेल तर आधी वर्षभर भाड्यानं राहा, निदान एप्रिल ते ऑक्टोबर. ते जमत नसेल तर तीनदा तरी जा: मेमध्ये पाण्यासाठी, जोराच्या पावसात रस्त्यासाठी आणि एकदा रात्री नऊनंतर, शेवटची बस खरंच येते का ते बघायला.