कढीपत्त्यावरची तुलना : लिंबाचे फुलपाखरू आणि प्रार्थना कीटक

तुलनेसाठी दोन्ही कीटक शक्यतो एकाच झाडावर शोधावेत. नाशिकमध्ये त्यासाठी परसातला कढीपत्ता पुरतो. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर लिंबाचे फुलपाखरू, म्हणजेच पॅपिलियो डेमोलियस, एकेक करून फिकट पिवळी, गोल अंडी घालते. त्याच फांद्यांत हायरोडुला या गटातला हिरवा प्रार्थना कीटक सावजाची वाट पाहत बसलेला सापडू शकतो. त्याच्या पुढच्या पंखावर एक फिकट ठिपका असतो, पण नेमकी जात केवळ छायाचित्रावरून ठरवू नये. हायरोडुला एवढीच नोंद करावी.

पहिली नोंद तोंडाची असावी, कारण खरा फरक तिथेच उलगडतो. फुलपाखराची अळी जबड्याने पाने कुरतडते, मात्र कोषातून बाहेर पडल्यावर तेच फुलपाखरू गुंडाळलेल्या सोंडेने मध शोषते. प्रार्थना कीटक जन्मापासून शेवटपर्यंत शिकारीच असतो. फेसासारख्या द्रवापासून घट्ट झालेल्या अंड्यांच्या आवरणातून त्याची पिल्ले बाहेर येतात, ती पंख नसलेल्या छोट्या प्रौढांसारखी दिसतात आणि कात टाकत मोठी होतात. त्यांच्यात कोषावस्था नसते. म्हणून अळीची तुलना पिल्लाशी आणि प्रौढाची प्रौढाशीच करावी. अळीशेजारी प्रौढ शिकारी ठेवून काढलेले निष्कर्ष फसवे ठरतात.

बचावाचे निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाचा, दुभागलेला अवयव बाहेर काढते. हायरोडुला मात्र पानांच्या रंगात मिसळतो, धोका जाणवल्यास काटेरी पुढचे पाय पसरतो आणि त्रिकोणी डोके वळवून आपल्याकडे रोखून पाहतो. त्याला हाताळू नये.

सकाळी आठवडाभर, ठरावीक वेळी, तारीख, झाडाचा भाग आणि अवस्था लिहावी. पांडवलेणीच्या पायथ्याशी नेहरू वनोद्यानात फिरतानाही हीच पद्धत वापरता येते. ज्या झाडावर वा द्राक्षवेलीवर नुकतीच फवारणी झाली असेल, तिथली नोंद तुलनेत धरू नये, कारण तिथे कीटक न दिसण्याचे कारण कीटकनाशक असू शकते.