गोष्टीतले खाणे गोव्याच्या स्वयंपाकघरात

गोष्टीतला एखादा पदार्थ मुलांसाठी करायचे ठरले, की विळी किंवा कढई हाताशी घेण्याआधी गोष्टीचे ते पान काढून पुन्हा वाचावे. आपल्याला आठवतो तो बहुधा चित्रातला पदार्थ असतो आणि मजकुरात खाण्याविषयी काही निराळेच लिहिलेले असते. पुस्तक घरात नसेल, तर पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाच्या बालविभागात मुलांनाच घेऊन जावे. कोण खातो, कोणाच्या हातचे खातो आणि त्या खाण्यामुळे पुढे काय घडते, हे एका ओळीत कागदावर टिपून ठेवावे. साहित्य आपल्या बाजारात मिळेल त्याप्रमाणे खुशाल बदलावे, मात्र ही ओळ बदलू नये; ती बदलली, की नेहमीच्याच पदार्थाला गोष्टीचे नाव चिकटवल्यासारखे होते, आणि मुले ते लगेच ओळखतात. काही पदार्थ या कसोटीवर सोडूनच द्यावे लागतात. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या ॲलिसच्या गोष्टीत ती जी बाटली पिते, तिला चेरीचा टार्ट, कस्टर्ड, अननस, भाजलेली टर्की, टॉफी आणि लोणी लावलेला गरम टोस्ट यांची एकत्र चव असते. ती चव वाचण्यापुरतीच बरी.

सुरुवात आपल्या म्हातारीपासून करावी. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ या गोष्टीसाठी मी पहिल्यांदा भोपळ्याची खीर करायला घेतली होती, तेव्हा सहा वर्षांच्या भाचीने मला अख्ख्या भोपळ्याला हात लावू दिला नाही. ‘तो चिरलास तर आजी घरी कशी जाणार?’ असे म्हणून ती भोपळ्याला मिठी मारून बसली. तिचेच बरोबर होते. या गोष्टीत भोपळा कोणी शिजवत नाही, ते म्हातारीचे वाहन आहे; खाण्याचा उल्लेख येतो तो वाघाला दिलेल्या वचनात. लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होऊन येईन, असे ती सांगते. म्हणजे पदार्थ माहेरवाशिणीचा नव्हे, लेकीच्या घरी आलेल्या आईचा आहे, आणि त्यात तूप ठळक असायला हवे. म्हणून घारगे करावेत, ते तुपाबरोबर वाढावेत आणि अख्खा भोपळा ताटाशेजारी तसाच ठेवावा.

घारग्यांसाठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तांबड्या भोपळ्याची एक फोड घ्यावी. आपल्याकडे कोकणीत ‘दुदी’ म्हटले, की विक्रेती तांबडा भोपळाच काढून देते आणि दुधी भोपळ्याला ‘कोंकण दुदी’ म्हणतात, हे बाहेरून आलेल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. गर गडद केशरी आणि घट्ट असावा. पाणचट फोडीला पीठ जास्त लागते. साल आणि बिया काढून भोपळा किसावा. दोन वाट्या कीस एक चमचा तुपावर मंद आचेवर परतावा, त्यात पाऊण वाटी चिरलेला उसाचा गूळ घालावा आणि गूळ विरघळून कीस मऊ होईपर्यंत शिजवावे. पाण्याचा थेंबही घालू नये, कारण भोपळा आणि गूळ दोन्ही आपले पाणी सोडतात. माडाच्या गुळाने चव उत्तम येते, पण रंग काळपट होतो आणि भोपळा दिसेनासा होतो. तो पातोळ्यांसाठी राखून ठेवावा.

यानंतरची पायरी बहुतेकांची चुकते. मिश्रण पूर्ण गार झाल्याशिवाय पीठ घालू नये. ते कोमट असताना गूळ पातळ असतो, त्यामुळे पीठ सैल वाटते, आपण आणखी कणीक घालत जातो आणि तळून निवल्यावर घारगे वातड होतात. गार मिश्रणात चिमूटभर मीठ, थोडी वेलदोड्याची पूड, दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ आणि मावेल तेवढी कणीक घालावी. साधारण दोन वाट्या लागते, पण वाटीपेक्षा हातावर विश्वास ठेवावा. पुरीच्या पिठापेक्षा किंचित सैल आणि बोटाला न चिकटणारा गोळा झाला, की थांबावे. वीस मिनिटे झाकून ठेवल्यावर केळीच्या पानाला तेलाचा हात लावून त्यावर छोटे गोळे थापावेत. जाडी पुरीच्या दुप्पट असावी. तेल मध्यम तापलेले हवे. ते कडकडीत असेल, तर गुळामुळे घारगा बाहेरून पटकन करपतो आणि आत कच्चा राहतो. पहिला घारगा मोडून पाहावा, मगच बाकीचे सोडावेत. थापण्याचे काम मुलांना जरूर द्यावे, तळण्याचे देऊ नये.

जोहाना स्पिरी यांनी १८८० च्या सुमारास लिहिलेल्या हायडीच्या गोष्टीतले खाणे गोव्यात विलक्षण सहज जमते, आणि त्याचे श्रेय दारोदार पाव विकणाऱ्या आपल्या पदेराला द्यायला हवे. आल्प्सच्या डोंगरावर आजोबा लांब काट्याला चीजचा तुकडा टोचून तो विस्तवावर सोनेरी करतात. पुढे फ्रँकफर्टला गेलेली हायडी पांढरे मऊ पाव कपाटात साठवत राहते, कारण पीटरच्या अंध आजीला काळा कडक पाव चावत नाही. आपल्याकडे हा फरक सायकलवरच्या एकाच टोपलीत मिळतो: कोंड्याची पोय हा डोंगरावरचा पाव आणि आतून मऊ असलेला उंडो हा आजीचा. पोय सकाळीच घेऊन संध्याकाळपर्यंत ठेवावी, म्हणजे ती पुरेशी चिवट होते. उंडे मात्र संध्याकाळचे ताजे घ्यावेत. मुलांना आधी पोयीचा एक घास नुसताच द्यावा आणि मग उंडो. हायडीने कपाट का भरले, ते सांगावे लागत नाही.

चीज काट्याला टोचून गॅसवर धरण्याचा मोह टाळावा, कारण ते वितळून बर्नरवर गळते. जाड तळाच्या नॉनस्टिक तव्यावर चीजचा बोटभर जाड तुकडा मंद आचेवर ठेवावा, खालची बाजू सोनेरी झाली की उलथन्याने उचलून तो आडव्या कापलेल्या, शेकलेल्या उंड्यावर उलटा ठेवावा. बाजारातले साधे प्रोसेस्ड चीज चालते. पनीर चालत नाही. ते दूध आंबटाने फाडून केलेले असल्यामुळे भाजले जाते, पण वितळत नाही.

नार्नियाच्या पहिल्या पुस्तकातल्या टर्किश डिलाइटविषयी पुष्कळदा विचारणा होते. ते पुस्तक १९५० साली आले, तेव्हा ब्रिटनमध्ये मिठाईवर अजून रेशनिंग होते, त्यामुळे ही मिठाई खाणाऱ्या एडमंड या मुलाची हाव तेव्हाच्या ब्रिटिश मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळली असणार. साखर आणि स्टार्चची ती वडी घरी जमते, पण गोव्याच्या पावसाळी हवेत तिच्यावरची पिठीसाखर तासाभरात ओलसर होते. त्यापेक्षा तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा गूळ यांचे दोदोल चांगल्या ठिकाणाहून आणून त्याचे चौकोन कापावेत आणि गोल डब्यात घालून त्याला हिरवी रेशमी फीत बांधावी. डबा आणि फीत पुस्तकातलीच आहेत. एकेकच तुकडा देऊन डबा बंद करावा. गोष्ट तिथेच आहे.

शेवटी पेय. १९०८ सालच्या ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’मध्ये ॲन आपल्या मैत्रिणीला, डायनाला, चहाला बोलावते आणि रासबेरीचे लालभडक सरबत म्हणून तीन पेले पाजते, प्रत्यक्षात ती घरी केलेली करंट नावाच्या फळांची तीन वर्षे जुनी वाईन निघते. बाटलीतले रासबेरी सिरप म्हणजे रंग आणि सुवास एवढेच असते. त्यापेक्षा एप्रिल-मे महिन्यात भिरंडे, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात तेव्हा, पाऊस पडण्यापूर्वी, हे सरबत करून ठेवावे. फळे धुऊन कोरडी पुसावीत, अर्धी कापावीत आणि बिया काढून प्रत्येक वाटीत साखर दाबून भरावी. एक किलो सालींना दीड ते दोन किलो साखर लागते. चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत थर लावून तोंडाला मलमलचे फडके बांधावे आणि बरणी सहा ते आठ दिवस कडक उन्हात ठेवावी, रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने हलवावी. ॲल्युमिनियम किंवा पितळ या आंबटाला लावू नये. साखर पूर्ण विरघळली, की गाळून बाटल्यांत भरावे. चूल न पेटवल्यामुळे रंग माणकासारखा राहतो. आपण एरवी घालतो ती जिऱ्याची पूड ॲनच्या पेल्यात नको. मोठ्या माणसांनी ती आपापल्या ग्लासात घालावी. एका ग्लास पाण्याला सरबताचे तीन मोठे चमचे पुरतात.

या गोष्टीतली खरी कृती मात्र बाटलीवर चिठ्ठी लावण्याची आहे. त्याच महिन्यांत गोव्यातल्या पुष्कळ घरांच्या फडताळात उराक आणि फेणी ही काजूची दारू असते, काजूच्या बोंडांचा रस, म्हणजे नीरो, दिवसभरात आपोआप आंबू लागतो, आणि रिकाम्या बाटल्या एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. सरबताच्या बाटलीवर नाव आणि तारीख ठळक अक्षरांत लिहावी आणि ती वेगळ्या खणात ठेवावी. बाटली नेमकी कुठे ठेवली, हे ॲनला सांभाळणारी मॅरिला विसरली होती. सफरचंदे खाऊन झाल्यामुळे ॲनने स्वतः त्या बाटलीतला एक घोटही घेतला नव्हता. म्हणून पाहुण्यांना पेला देण्याआधी पहिला घोट यजमानाने घ्यावा.